मोहाला निवतं

जठारपेठ, अकोला
८ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? अमरावतीच्या शाळेत तुला नववीत जीवशास्त्र शिकवणारी आणि शनिवारी सगळ्या वर्गाला वहीत ‘ळ’ गिरवायला लावणारी चारुशीलाबाई, तीच मी. तुझा पत्ता रिद्धपूरला नत्थुजींकडून, तुझ्या वडिलांकडून मिळवला. म्हणाले, पोरगी धारणीच्या पुढं सालईढाण्याच्या उपकेंद्रात नर्स आहे, तिथं फोन लागत नाही, पत्र पोचतं. मला बरंच वाटलं. मी फोनवर भाषण करते असं आमचे रविकांत म्हणतात. पत्रात निदान वाचणाऱ्याला मध्येच उठून चहा ठेवता येतो.

कामाचं सांगते. धारणी ते सालईढाणा रस्ता रुंद होणार आणि त्यात जंगलातली सहाशे झाडं जाणार, असं पेपरात वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. याच जंगलात मी तुमच्या सहली आणल्या होत्या. आता आम्ही एक मंच काढला आहे. बारा बायका, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि आमचे वकीलसाहेब, म्हणजे रविकांतच. ते येतात, कारण बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात असते, जातील कुठे? आम्ही ऑटोंवर चिकटपट्ट्या लावल्या, चौकात पथनाट्य केलं, शाळांत चित्रकलेची स्पर्धा घेतली. झाड काढा म्हटलं तर सगळ्या पोरांनी वाघ काढला. जनजागृती म्हणजे काय चीज आहे, ते या वयात कळतं आहे.

तू तिथं राहतेस. तिथल्या लोकांना काय वाटतं ते मोकळेपणी लिही. सोबत निवेदनाचा कागद आहे, त्यावर सही करून पाठव. आणि फोटोत शोभेल असं एक मोठं झाड हेरून ठेव. लोकांना सहाशे झाडं समजत नाहीत, एक समजतं.

तुझी,
चारुशीलाबाई


सालईढाणा
१७ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
दंडवत प्रणाम.

तुमचं पत्र उपकेंद्राच्या पायरीवर बसून तीनदा वाचलं. ‘ळ’ पाहिला आणि हात आपोआप सरळ झाला.

झाड आहे. वळणावरचा मोह. तीन माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. इथं प्रत्येक मोहाला घर ठरलेलं असतं, म्हणजे त्याची फुलं कोणी वेचायची ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. हा जयवंताआजीचा आहे. तिची सत्तरी उलटली असेल. नवरा गेला, मुलगा कामाला सुरतेकडे गेला तो तिकडचाच झाला. ती म्हणते, माझ्या घरात आता दोघंच, मी आणि हा. कंत्राटदाराची माणसं दोनदा आली, तर ती बुंध्याला पाठ लावून बसली. हलली नाही. माणसं परत गेली. मग त्यांनी गावातल्यांनाच कुऱ्हाडी घ्यायला सांगितलं. चांगला रोज देत होते, पण एकही जण गेला नाही. मी पोलीसपाटलांना, खुशालरावांना विचारलं, काहून जात नाहीत? ते म्हणाले, “आतापावतर त्या झाडाले कोनी सांगतलं नाई.” मला याचा अर्थ लागला नाही. सरकारी नोटीस यायची असेल असं समजले.

लोकांना काय वाटतं असं तुम्ही विचारलं. बाई, मला सांगता येत नाही. सकाळी ज्याला रस्ता पाहिजे असतो, त्यालाच संध्याकाळी झाड पाहिजे असतं. माझंही तेच होऊन राहिलं आहे. मागच्या पावसाळ्यात चतुराबाईचं बाळंतपण जीपमध्येच झालं. एकेका खड्ड्यात ती किंचाळत होती आणि मी तिचा हात धरून बसले होते. बाळ वाचलं. पण त्या दिवशी त्या रस्त्यावर मला एकही झाड दिसलं नाही. आता तुमचं पत्र आल्यापासून रोज दिसतात.

निवेदनावर सही करून पाठवते आहे. तुमच्यापासून लपवू नये असं आणखी एक आहे, पण ते पुढच्या पत्रात लिहीन.

आपली,
पौर्णिमा


अकोला
२४ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तुझी अवस्था झाली आहे. होतं असं. मनाचा गोंधळ उडाला की माणसानं झाडाच्या बाजूनं उभं राहावं. माणसाला तोंड आहे, तो आपलं मांडेल. झाड कुठं मांडणार?

आणि तू म्हणतेस तसं सगळं गाव काही रस्त्यासाठी अडून बसलेलं नाही. रविकांतांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले. त्यात गावाच्या नावानं रस्ता मागणारा एक अर्ज सापडला. खाली पन्नासेक अंगठे. अर्ज मात्र इतक्या सुरेख अक्षरात आणि इतक्या मुद्देसूद भाषेत की वाचताक्षणी कळतं, कंत्राटदारानं शहरातून कोणाकडून तरी लिहून घेतला असणार. भोळ्या लोकांचे अंगठे घेणं ते कितीसं कठीण?

आता आमचा बेत ऐक. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. आमच्या मंचातल्या रागिणीनं कल्पना काढली की यंदाचं हळदीकुंकू एकमेकींना नको, झाडांना करू. दोन फेब्रुवारीला, रविवारी, आम्ही मोठी गाडी करून येतो. वळणावरच्या मोहापासून सुरुवात करून एकवीस झाडांना हळद-कुंकू लावायचं, दोरा बांधायचा, बुंध्याशी तिळगूळ ठेवायचा. ज्या झाडाला सवाष्णीनं पुजलं, त्याला कुऱ्हाड लावायची हिंमत कोण करील? वटपौर्णिमेला आपण दुसरं काय करतो? पेपरवालेही येणार आहेत.

गावात निरोप दे. ती जयवंताआजी हवीच. तिच्याशिवाय फोटोला अर्थ नाही.

तुझी,
चारुशीलाबाई


अकोला
५ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच लिहिते आहे, कारण मला राहवत नाही. पस्तीस वर्षं शिकवलं, पण रविवारी जे अनुभवलं ते वर्गात कधी अनुभवलं नाही.

सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. किती शांत! आमच्याकडे साध्या हळदीकुंकवालाही बाजार भरल्यासारखा गलका असतो. मी मोहाला हळद लावली, कुंकू लावलं, दोऱ्याचे वेढे घातले, तिळगूळ ठेवला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले की आम्ही पुन्हा येऊ, तुला विसरणार नाही. तेव्हा जयवंताआजी उठली. तिनं बुंध्यावरून दोन्ही हात फिरवले, कोरकूत काहीतरी पुटपुटली आणि मग माझ्या पाया पडली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. भाषा कळली नाही, पण भाव कळला. बिचारीला वाटलं असेल, आता आपण एकटे नाही.

तू लांब, जीपपाशी उभी होतीस. तुमच्या महानुभाव घरात झाडाला हळदीकुंकू करत नाहीत, हे मला ठाऊक आहे, म्हणून बोलावलं नाही. पण चेहरा का उतरला होता तुझा? खुशालराव तुला काही सांगत होते, तेही दिसलं.

आमचा दोघींचा फोटो, मी आणि आजी, मध्ये मोह, मंचाच्या फलकावर घेतला. ‘याला वाचवा’ एवढेच दोन शब्द. जठारपेठेत चार ठिकाणी लागला. दूधवाल्यानं मला ओळखलं. रविकांतांनी नागपूरच्या कोर्टात याचिका टाकली आहे, ते म्हणतात, आता स्थगिती मिळेलच.

तुझी,
चारुशीलाबाई


सालईढाणा
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,
दंडवत प्रणाम.

तुमचं आनंदाचं पत्र परवा मिळालं. त्याला उत्तर कसं लिहावं ते कळत नव्हतं. दोन कागद फाडले.

बाई, मोह गेला. गुरुवारी, सहा तारखेला. तुम्ही दोरे बांधले ती एकवीस झाडं गेली. तेवढीच. दोरा नव्हता त्या एकाही झाडाला धक्का लागला नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी नाही, गावातल्याच माणसांनी तोडली. कोणी भांडलं नाही, कोणी रागावलेलं नव्हतं. जयवंताआजी बाजूला उभी होती. तिला कोणी उठवलं नव्हतं.

मी धावत गेले. खुशालरावांना म्हटलं, हे काय करून राहिले तुम्ही? परवा तर पूजा झाली. ते माझ्याकडे असे पाहू लागले जणू मीच येडी. त्यांनी मला आजीकडे नेलं. ती माझ्याशी वऱ्हाडी-हिंदी मिसळून बोलते. तिनं सांगितलं ते शब्द तसेच लिहिते.

“ज्या झाडाले आनाचं, त्याले आदी निवतं द्या लागते. हयद लावा, दोरा बांदा, गोड ठेवा. सांगा, का आमी येतो तुले न्याले. नाई सांगतलं तं कुऱ्हाड लावता येत नाई. तुह्या बाईनं सारंच केलं. येवढ्या दुरून आली. मोठ्यानं सांगतलं, पुन्हा येतो म्हनून. मंग मी कोन नाई म्हननारी?”

मी म्हटलं, आजी, बाई तर वाचवायला आल्या होत्या.  ती म्हणाली, “तसं सांगाले पायजे होतं. पन निवतं देऊन नेलं नाई तं झाड वायते. वायून मरन्यापक्षा...” वायते म्हणजे वाळतं.

निवतं म्हणजे जेवणाचं बोलावणं. इथं लग्नाच्या मांडवाचं लाकूड आणायचं असो की घराची मयाल, म्हणजे तुळई, आदल्या दिवशी झाडाला असं बोलावून येतात. इथं मला चार वर्षं झाली, पण मी कधी पाहिलं नव्हतं. हळदीकुंकवाचा प्रकार दिसला की मी आपली बाजूला होते, आमच्या घरची शिकवणच तशी. त्या रविवारी खुशालराव मला म्हणाले होते, “तुह्या बाईनं तं पुरं काम करून टाकलं.” मला वाटलं, कौतुक करून राहिले. तरी चेहऱ्यावरून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मी चार पावलं पुढं येऊन विचारलं असतं तर? पण झाडाची पूजा, आपण त्यात कशाला पडा, असं म्हणून जीपपाशीच उभी राहिले. हे माझ्या मनातून जात नाही.

आता ती लपवलेली गोष्टही सांगून टाकते. रस्त्याचा तो सुरेख अक्षरातला अर्ज मी लिहिला आहे. चतुराबाईच्या बाळंतपणानंतर. अंगठे गावानं स्वतःहून दिले. अक्षर तुम्हीच घडवलेलं. मग तुमच्या निवेदनावरही सही केली. दोन्ही मनापासून केलं. कोणती सही खोटी, ते मला अजून ठरवता येत नाही.

झाड आणल्यावर पहिला तुकडा निवतं देणाऱ्याच्या घरी जातो, अशी रीत आहे. आजीनं हळद लागलेल्या बुंध्याचा हातभर तुकडा कापून दिला आहे. धारणीच्या बसचे कंडक्टर सूर्यभान तो तुम्हाला आणून देतील. नको म्हणू नका, ती वाट पाहते आहे.

आपली,
पौर्णिमा


अकोला
२७ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

लाकूड पोचलं. सूर्यभान जिना चढून वर आले. गोणपाटात बांधलेलं होतं. सोडलं तर त्यावर माझीच हळद. मी तिथंच दारात बसले आणि रडले. रविकांतांनी आधी कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला असंच समजून माझी समजूत घातली. मग तुझं पत्र वाचलं आणि तेही माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले. चाळीस वर्षांत त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी शेकडो वेळा तुमच्या वह्यांत दुरुस्त केली असेल. ती आपल्यावर उलटते तेव्हा हसू येत नाही.

अर्जाचं अक्षर मला ओळखू आलं नाही, याची लाज वाटते. तुझं पत्र त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं. तोच ‘ळ’. कंत्राटदाराचा माणूस म्हटलं मी तुला. चुकले. आणि तू जीपपाशी उभी राहिलीस त्याचं ओझं घेऊ नकोस. विचारायचं मी होतं. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले की आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. आणि स्वतः मात्र गाडीतून उतरले ती थेट हळद घेऊन.

वीस तारखेला स्थगिती मिळाली. मंचात पेढे वाटले गेले. सहाशेतली पाचशे एकोणऐंशी कोर्टानं वाचवली आणि एकवीस आम्ही घालवली. यात पेढा खायचा की नाही, तूच सांग. आम्ही गेलो नसतो तर मोह आज उभा असता का? की मार्चमध्ये मोठी यंत्रं येऊन सगळीच्या सगळी गेली असती? रविकांत म्हणतात, तुमच्या त्या फोटोमुळे कोर्टानं लवकर ऐकलं. म्हणजे ज्यामुळे झाड गेलं, त्यामुळेच बाकीची राहिली? मी रात्रंदिवस हाच हिशोब करते आहे आणि तो सुटत नाही.

मंचातल्या बायकांना सांगायचं ठरवलं. रविकांत म्हणाले, पुढची तारीख होऊन जाऊ दे. मी ऐकलं नाही. गेल्या रविवारी विजयाची सभा होती. मागे तोच फलक, ‘याला वाचवा’. मी ते लाकूड पिशवीतून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हा तोच मोह आहे. हा मी तोडला.”

पौर्णिमा, टाळ्या वाजल्या. मोठ्या टाळ्या. लोकांना वाटलं, दृष्टान्त आहे. शहरातले आपण सगळेच दोषी, असं काहीतरी. मी पुन्हा सांगितलं, अगदी सरळ सांगितलं, दोरा बांधल्यापासून सगळं. रागिणी तेवढी पांढरी पडली. बाकीच्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकानं माझ्या संवेदनशील मनाचे आभार मानले. घरी आल्यावर फलक उतरवायला माणूस पाठवला, तर चौकातल्यांनी उतरवू दिला नाही. म्हणाले, बाईंचं झाड आहे, राहू द्या.

लाकूड दिवाणखान्यात आहे. येणारा जाणारा विचारतो. सुतार म्हणाला, छान पाट होईल. करू का? की तसंच ठेवायचं असतं? तुमच्याकडे काय रीत आहे, ते जयवंताबाईंना विचार. यावेळी विचारूनच करीन. आणि तिची माफी मागायची तर काय करावं लागतं, तेही विचार. हळद-कुंकू सोडून दुसरं काही असेल तर बरं.

तुझ्या रस्त्याचंही मी रविकांतांना म्हटलं की कोर्टाला सांगा, रुंद करू नका पण खड्डे तरी बुजवा, बाया जीपमध्ये बाळंत होतात. ते म्हणाले, याचिका म्हणजे वाणसामानाची यादी नव्हे. मी म्हटलं, तरी लिहा. लिहितील.

तुझी,
चारुशीलाबाई


सालईढाणा
२० मार्च २०२५

आदरणीय बाई,
दंडवत प्रणाम.

उत्तराला उशीर झाला. दोन बाळंतपणं होती. एक इथंच झालं, एकीला धारणीला न्यावं लागलं. रस्त्याला स्थगिती आहे म्हणून खडीही कोणी टाकत नाही. तोडलेले ओंडके कडेला पडलेत आणि जीप त्यांना वळसा घालून जाते. दोघी सुखरूप आहेत. कोर्टानं चांगलं केलं की वाईट, असं गावातले मला विचारतात. मी म्हणते, बाईंना विचारून सांगते.

आता मोहफुलाचा हंगाम आहे. सगळं गाव पहाटेपासून जंगलात असतं. जयवंताआजीला शेजारणींनी आपापल्या झाडाखाली बोलावलं. ती जात नाही. टोपलं घेऊन सकाळी वळणावर जाते, बुंध्यावर बसते, ऊन चढलं की रिकामं टोपलं घेऊन घरी येते. मला ते पाहवत नाही. तरी मी तुमचं पत्र घेऊन तिथंच गेले आणि सगळं वाचून दाखवलं. टाळ्यांचं ऐकून ती हसली. तुम्ही रडलात ते ऐकून म्हणाली, “मंग तिले बी तो आपलाच वाटला.”

पाटाचं विचारलं. कर म्हणाली. त्यावर देव ठेवू नको, माणूस जेवायला बसव.

माफीचं विचारलं तर ती उठली आणि मला घरी घेऊन गेली. आतून एक पुडी घेऊन आली. ती या पत्रासोबत आहे. उघडली असेल तर तुम्ही पाहिलंच असेल. हळदीचे तांदूळ, दोऱ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा. म्हणाली, “बाईले दे. हे माह्यं निवतं.”

 झाडाला निवतं दिल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती रागावली आहे, तिला तुमचं वाईट चिंतायचं आहे, असंच मनात आलं. चार पावलं मागे सरून गप्प राहायची माझी सवय, पण या वेळी राहिले नाही. तिथंच तिला विचारलं, आजी, हे कशासाठी?

ती म्हणाली, “येडी आहेस का व? मानसाले निवतं देलं का मानूस जेवाले येते. झाडाले पाय नाईत, म्हनून त्याले आनाले जा लागते. तिले पाय आहेत ना? एका जेवनानं काई भरून येत नाई. पन मी एकटी जेवतो आता.”

मी तारीख विचारली. ती म्हणाली, कधीही या, मोहाची फुलं शेजारणींकडून मागून आणीन, त्याची भाकर करीन. फोटोवाले आणू नका, एवढंच सांगितलं. पाट झाला असेल तर तो आणा. त्यावर तिलाच बसवू.

अकोल्याहून बस धारणीला साडेअकराला येते. मी स्टँडवर उभी राहीन, या वेळी अगदी बसच्या दारापाशी. तिथून पुढं जीप आहे. रस्ता तसाच आहे, बाई. घट्ट धरून बसा.

आपली,
पौर्णिमा